रंधा आमचा, सही कुणाची?

‘सर्टिफाइड इंटिरियर डिझायनर’ अशी पाटी लावायला भारतात कुठल्याही कायद्याची परवानगी लागत नाही. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते. आर्किटेक्टसाठी 1972 चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आहे. त्यातही संरक्षण आहे ते फक्त ‘आर्किटेक्ट’ या नावाला. नोंदणी नसलेल्या माणसाने नकाशे काढूच नयेत असं तो कायदा म्हणत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. इंटिरियर डिझायनरच्या तर नावालाही संरक्षण नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संस्था 1972 पासून आहे, पण ती व्यावसायिकांची संघटना आहे. ती सदस्यत्व देते, परवाना देत नाही.

म्हणजे दार सताड उघडं आहे. तरीही ज्या माणसाने वीस वर्षं लोकांची घरं आतून उभी केली, तो त्या दारातून आत जात नाही. तो का जात नाही आणि त्याला कोण जाऊ देत नाही, हा माझा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या घरात आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना फक्त सरकारला शिव्या ऐकायच्या आहेत त्यांची निराशा होईल.

पुनावळ्याचं उदाहरण घेतो, कारण ते माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर आहे. 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं हे गाव. एका अंगाला ताथवडे, दुसऱ्या अंगाला रावेत, पलीकडे हिंजवडीच्या कंपन्या. आज गावाची ओळख म्हणजे महामार्गाखालच्या अंडरपासमधली कोंडी आणि रांगेने उभे टॉवर. बिल्डर फ्लॅट देतो तो रिकामा. भिंती, फरशी, नळ आणि ओटा. पुढे मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट, फॉल्स सिलिंग, रंग हे सगळं राहायला येणाऱ्याने करून घ्यायचं. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लायवूड, सनमायका, हार्डवेअर आणि लाइटची दुकानं लागली आहेत, आणि दर दहा दुकानांमागे एक काचेचं ऑफिस, ज्यावर ‘इंटिरियर्स’ असं लिहिलेलं असतं.

काम करायला कोण येतं? राजस्थानचे सुतार, बिजनौर-सहारनपूरचे मिस्त्री, मालदा-मुर्शिदाबादचे पीओपीवाले, आणि आपले लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरकडचे तरुण. दुपारी साइटवर डबे उघडतात तेव्हा एकमेकांना मारलेल्या हाका ऐका. मला भेटलेल्या मिस्त्र्यांत, पॉलिशवाल्यांत, पीओपीवाल्यांत निम्म्याहून जास्त आपलेच निघाले. काचेच्या ऑफिसात मात्र आपलं नाव शोधावं लागतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या कारागिराने डिझायनरचा कागद मिळवलाच पाहिजे, आणि कागद देणाऱ्यांनी कारागिराच्या हातातली वर्षं मोजलीच पाहिजेत. आज दोघेही टाळाटाळ करत आहेत.

कागदाने कपाट उभं राहत नाही?

माझा एक मावसभाऊ या धंद्यात सोळा वर्षं आहे. दहावी नापास, पण त्याने केलेल्या ड्रॉवरला हात लावून बघा, बोटाच्या धक्क्याने सरकतो आणि आवाज न करता बसतो. त्याला मी कोर्सबद्दल विचारलं तर तो म्हणाला, “भाई, कागद से अलमारी खडी नहीं होती.”

खरं आहे. पण कपाट उभं राहिल्यावर पैसे कुणाच्या खिशात जातात, ते कागदच ठरवतो. हिशोब करून बघू. समजा एका फ्लॅटचं काम दहा लाखांचं आहे. डिझायनरची फी दहा टक्के धरली तर एक लाख. ती टप्प्याटप्प्याने, आणि मोठा भाग काम सुरू होण्याआधी. त्याशिवाय सनमायका, हार्डवेअर, लाइट यांच्या दुकानातून मिळणारं कमिशन वेगळं. या धंद्यात ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त ग्राहकाला नसतं. मिस्त्रीची मजुरी चौरस फुटावर. सुरुवातीला उचल, मग आठवड्याला खर्ची, आणि शेवटचं बिल ‘हँडओव्हर झाल्यावर’. हे शेवटचं बिल म्हणजेच बहुतेक वेळा मिस्त्रीची खरी कमाई असते, कारण आधीचे पैसे पोरांच्या हजेरीत गेलेले असतात. आणि अडतं ते नेमकं हेच बिल.

मावसभावाची अशी तीन बिलं एका डिझायनरकडे अडकली. ग्राहकाने मध्येच वॉर्डरोबचं माप बदललं, डिझायनरने फोनवर ‘कर दो’ म्हटलं, याने करून दिलं. नंतर माप चुकलं म्हणून पैसे कापले. याच्याकडे काय पुरावा होता? सही केलेलं ड्रॉइंग नाही, करार नाही, बदलाची नोंद नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक रंगीत थ्रीडी फोटो, ज्यावर एकही माप नव्हतं. तो कुठल्या कार्यालयात जाऊन काय दाखवणार?

डिझायनरचं शिक्षण म्हणजे रंगसंगती आणि कुशन, असा आपल्याकडे समज आहे. त्या शिक्षणाचा कणा वेगळाच आहे. मोजमाप घेऊन प्लॅन काढणं. प्रत्येक भिंतीचं एलेव्हेशन. कामाचं ड्रॉइंग, ज्यावर मिलिमीटरमध्ये मापं असतात. सामानाची आणि कामाची परिमाणं-दरांसह यादी, जिला बीओक्यू म्हणतात. करार, पैशांचे टप्पे, बदलाची लेखी नोंद. यातली एकही गोष्ट कारागिराच्या डोक्याबाहेरची नाही. तो हे सगळं रोज करतो, फक्त तोंडी करतो. ज्या दिवशी तो ते लिहायला लागेल त्या दिवसापासून त्याचं बिल अडवणं अवघड होईल.

सरकारी हक्कांचंही तेच. बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये कायदा झाला, राज्यात कल्याणकारी मंडळ आहे, सुतार आणि रंगारी त्यात येतात. नोंदणीला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या फ्लॅटमध्ये आणि परवा त्या फ्लॅटमध्ये काम करणाऱ्याला तो दाखला कोण देणार? डिझायनर म्हणतो मी मालक नाही, फ्लॅटवाला म्हणतो मी मालक नाही. सोळा वर्षं काम करून हा माणूस कागदावर बेरोजगार राहतो.

‘हुनर आहे ना, बस’ म्हणणाऱ्यांना

आता आपल्या लोकांकडे वळतो. आपल्या जलशांत एक भाषण ठरलेलं असतं. ताजमहाल कुणी बांधला, उस्ताद अहमद लाहौरी कोण होते, कुतुबमिनार किती उंच आहे. ऐकणारे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी सातवीतल्या पोराला ‘मामाबरोबर साइटवर जा’ म्हणतात. अभिमान पूर्वजांचा आणि व्यवहार बिगाऱ्याचा, हे कुठवर चालणार?

लांब कशाला जायचं, मराठवाड्यातला बीबी का मकबरा घ्या. त्याच्या मुख्य दरवाजावरच्या लेखात दोन नावं आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. हा अताउल्ला उस्ताद अहमद लाहौरींचा मुलगा. बापाकडून फक्त हातोडी-छिन्नी घेऊन तो मोठा झाला नाही; त्या घराण्यात गणित आणि भूमितीचं शिक्षण होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये काम करणाऱ्याने आपलं नाव दरवाजावर कोरलं, आणि शेजारी आपल्या हिंदू सहकाऱ्याचंही. आज आपल्या मिस्त्रीचं नाव फ्लॅटच्या गेटवरच्या वहीतच सापडतं, ‘इन टाइम’ आणि ‘आउट टाइम’च्या मध्ये.

उस्ताद-शागीर्द पद्धतीबद्दल मला आदर आहे. या पद्धतीने लाखो घरांची रोजी चालवली. पण ती हात घडवते, आकडेमोड शिकवत नाही. तिथे डिझाइनचं पुस्तक म्हणजे फेव्हिकॉलचं फर्निचर बुक. ग्राहक पान उलटतो, बोट ठेवतो, मिस्त्री हुबेहूब करून देतो. नक्कल करण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पण नक्कल करणाऱ्याला मजुरी मिळते आणि आखणाऱ्याला फी मिळते.

शिवाय घरं बदलली आहेत. पुनावळ्यातले अनेक नवे टॉवर मायवन पद्धतीने बांधलेले आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंत आणि स्लॅब एकत्र उभे केलेले. तिथली आतली भिंतसुद्धा विटांची नसते, सळई घातलेली आरसीसी असते, आणि इमारतीचा भार तिच्यावर असू शकतो. विजेच्या नळ्या आधीच आत गाडलेल्या असतात. अशा भिंतीत ‘दोन इंच खाच मारून घेऊ’ म्हणणारा उस्ताद पंचवीस वर्षांचा अनुभवी असला तरी त्या इमारतीसाठी धोका आहे. तसंच प्लायवूडचं. सिंकखालच्या कपाटाला आयएस 303 चं साधं एमआर ग्रेड लावायचं की आयएस 710 चं मरीन, हे अनेक मिस्त्र्यांना अनुभवाने कळतं. पण ते ग्राहकाला लिहून देता आलं पाहिजे, नाहीतर दुकानदार जे पाठवेल ते लागतं आणि दोन पावसाळ्यांनी प्लाय फुगला की शिवी मिस्त्रीला बसते.

आणखी एक गोष्ट, जी बोलली की काहींना राग येतो. काही घरांत चित्रकलेच्या तासालाच मुलांना मागे ओढलं जातं. प्राण्यांची, माणसांची चित्रं काढावीत की नाही, हा मतभेद जुना आहे आणि मी तो इथे सोडवायला बसलेलो नाही. पण घराचा प्लॅन, खिडकीचं एलेव्हेशन, जाळीची नक्षी यांत सजीव कुठे आहे? ज्या परंपरेने वर्तुळ आणि चौकोनातून जगातली सर्वांत सुंदर नक्षी काढली, तिच्या वारसांनी मुलांच्या हातातून कंपास काढून घ्यावा? महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा शाळाशाळांतून होतात, त्यात भूमिती आणि संकल्पचित्र असतं, दहावीला वाढीव गुणही मिळतात. आपली किती मुलं बसतात? आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना उद्या हा आकडा विचारा.

हाताने कमावणं आपल्या दीनमध्ये कमीपणाचं कधीच नव्हतं. जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, हे हदीसमध्ये आलेलं आहे. कमीपणा सुतारकीत नाही. आयुष्यभर दुसऱ्याने आखलेल्या रेषेवर करवत चालवत राहण्यात मात्र आहे, आणि तो आपण ओढवून घेतलेला आहे.

भाऊ साइटवर, बहीण कोर्सला

गेल्या काही वर्षांत एक वेगळंच चित्र दिसतं आहे. आपल्या घरांत मुलगे दहावी-बारावीच्या आसपास शाळा सोडतात आणि मुली पुढे शिकत राहतात. त्यातल्या बऱ्याच मुलींना इंटिरियरच्या कोर्सला घातलं जातं, कारण ‘घरबसल्या करता येईल’. त्या ऑटोकॅड शिकतात, स्केचअप शिकतात, सुंदर थ्रीडी काढतात. मग साइटवर जायची वेळ आली की घरातून प्रश्न येतो: तिथे सगळे पुरुष असतात, तू कशाला? कोर्स संपतो, प्रमाणपत्र लग्नाच्या बायोडेटात जातं, लॅपटॉप धाकट्या भावाला मिळतो.

त्याच घरात, त्याच छताखाली, एक भाऊ रंधा मारतो आहे. त्याला साइट येते, ड्रॉइंग येत नाही. बहिणीला ड्रॉइंग येतं, साइट बघायला मिळत नाही. एका पूर्ण इंटिरियर फर्मचे दोन्ही भाग एका घरात आहेत आणि आपण त्यांना एकमेकांशी बोलू देत नाही! ज्या बापाला मुलीने अनोळखी पुरुषांत जाऊ नये असं वाटतं, त्याला माझा साधा सवाल आहे: भावाच्या साइटवर जायला काय हरकत आहे? तिने माप घ्यावं, ड्रॉइंग काढावं, त्यावर सही करावी. त्याने ते उभं करावं. बिलावर दोघांचं नाव असावं. पुनावळ्यात फ्लॅट घेणाऱ्या जोडप्यांत किचनचा निर्णय बहुतेक वेळा बाईच घेते, आणि ओट्याची उंची किती हवी हे तिला दुसऱ्या बाईशी बोलायला सोपं जातं. हा धंद्याचा हिशोब आहे, उपकार नाही.

सहा महिन्यांत डिझायनर

या सगळ्यात एक दुकान जोरात चालू आहे. ‘सहा महिन्यांत सर्टिफाइड इंटिरियर डिझायनर व्हा, शंभर टक्के प्लेसमेंट.’ वर सांगितलं तसं, या क्षेत्रात परवाना देणारी सरकारी यंत्रणाच नाही, त्यामुळे ‘सर्टिफाइड’ या शब्दाला संस्था देईल तेवढाच अर्थ असतो. कर्ज काढून पोरीला असल्या ठिकाणी घालणाऱ्या आईबापांनी फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, प्रमाणपत्रावर सही कुणाची? विद्यापीठाची, तंत्रशिक्षण मंडळाची, आयटीआयसाठीच्या राष्ट्रीय व्यवस्थेची, एनसीव्हीईटीने मान्यता दिलेल्या संस्थेची, की फक्त क्लासच्या मालकाची? आयटीआयमध्ये इंटिरियर डिझाइन अँड डेकोरेशन हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याची फी आणि खासगी क्लासची फी शेजारी ठेवून बघा.

दुसरा, कामाचं ड्रॉइंग, बीओक्यू आणि करार शिकवतात का? की फक्त थ्रीडी?

तिसरा, चालू साइटवर किती दिवस नेतात? आणि तिथे शिकवणारा मिस्त्री असतो का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी गुळमुळीत येतं. मिस्त्रीला शिक्षक मानायची तयारी नाही. ज्याच्याकडून विद्यार्थी सांधा, जाड-पातळ, लाकडाची नस शिकणार, त्याला त्या संस्थेत ‘प्रवेशासाठी अपात्र’ ठरवलं जातं, कारण त्याच्याकडे दहावी-बारावी नाही.

शिडी अर्ध्यावर तुटते

सरकार काही देत नाही असं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. त्यात 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार आहे, गवंडी आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, नंतर पंधरा दिवसांचं प्रगत, रोज 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने. ज्यांनी अजून अर्ज केला नाही त्यांनी करावा. यात धर्माची अट नाही, आणि आपला हक्क सोडून देण्यात कसली स्वाभिमानाची गोष्ट नाही. पण यादीत पीओपीवाला नाही, रंगारी नाही, पॉलिशवाला नाही. आणि जो सुतार आहे तोही प्रशिक्षण घेऊन प्रमाणित सुतारच होतो. पूर्वानुभवाला मान्यता देणारी आरपीएल पद्धत आहे, तिथेही तेच. हाताला शिक्का मिळतो, पण त्या शिक्क्यावर डिझाइनच्या पदविकेत प्रवेश मिळत नाही. शिडी आहे, दोन पायऱ्यांनंतर संपते.

2023 च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची तरतूद आहे. म्हणजे सोळा वर्षं सुतारकी केलेल्याला पदविकेतले काही विषय माफ करणं धोरणात बसतं. संस्थांनी ते प्रवेश अर्जात उतरवायचं आहे. 2006 च्या सच्चर समितीने तर आयटीआय-पॉलिटेक्निकमधलं कौशल्य शिक्षण आठवी पास मुलांपर्यंत आणा, मदरशातून आलेल्यांनाही घ्या, असं सुचवलं होतं. त्याच अहवालात होतं की वीस वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत. पदविका नसलेल्या समाजाला ‘आधी पदविका आणा’ म्हणणं म्हणजे दार बंद करून किल्ली आत ठेवणं.

हे होऊ शकतं का? जर्मनीत होतं. तिथे घराची अंतर्गत सजावट करणारा, म्हणजे पडदे, गादीकाम, फरशी आणि भिंतीचं आच्छादन करणारा कारागीर आधी उमेदवारी करतो, मग परीक्षा देऊन ‘माइस्टर’ होतो. हा परवाना 2004 मध्ये ऐच्छिक केला होता. 2020 मध्ये ज्या 12 व्यवसायांना तो पुन्हा सक्तीचा झाला त्यात हा व्यवसाय आहे. महत्त्वाचं हे की माइस्टरला पुढे विद्यापीठाचं दारही उघडतं. हातातून वर चढायचा रस्ता तिथे मध्येच बंद होत नाही.

मग भारतातही डिझायनरला परवान्याची सक्ती करा, अशी मागणी काही मोठे व्यावसायिक करतात. माझा तिला विरोध आहे. अमेरिकेत हा प्रयोग झाला. फ्लोरिडात व्यापारी जागांच्या अंतर्गत सजावटीसाठी परवाना होता, त्यासाठी शिक्षण, उमेदवारी आणि राष्ट्रीय परीक्षा लागत असे. याचा फटका ज्यांच्याकडे कॉलेजची पदवी कमी, त्या काळ्या आणि हिस्पॅनिक व्यावसायिकांना बसतो, असा विरोधकांचा मुद्दा होता. अलाबामाचा असा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये रद्द केला, फ्लोरिडाने 2020 मध्ये सक्ती उठवली. आपल्याकडे शिडी न बांधता सक्ती आणली तर पहिल्यांदा बाहेर फेकला जाईल तो पुनावळ्यातला मिस्त्री. आधी शिडी बांधा, कुलपाचं नंतर बोलू.

पूर्वग्रहाचं काय?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कागद आला म्हणून नाव बदलतं का? नाही बदलत. ज्या सोसायटीत मावसभावाने अकरा फ्लॅटची किचन केली, तिथेच त्याने भाड्याने घर विचारलं तेव्हा नाव ऐकून ‘आत्ताच दुसऱ्याला दिलं’ असं उत्तर आलं. तो फ्लॅट पुढे दोन महिने रिकामा होता. खालच्या मजल्यावर त्याचंच काम चालू होतं, त्यामुळे त्याला रोज दिसत होता. डिझायनरची पदविका हा रोग बरा करणार नाही, आणि असं आश्वासन मी कुणाला देणार नाही. त्या लढाईचं मैदान वेगळं आहे, ती संविधानाच्या भाषेत लढावी लागेल.

पण पूर्वग्रह आहे म्हणून कागद नको, हा युक्तिवाद उलटा आहे. पूर्वग्रह आहे म्हणूनच कागद हवा. ज्याचं नाव संशयाने वाचलं जातं, त्याला तोंडी व्यवहार परवडत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीत हजारो बांधकामं पाडली. भंगाराची दुकानं, गोदामं, छोटे कारखाने. त्यात आपल्या माणसांची संख्या मोठी होती. कारवाई योग्य की अयोग्य यावर वाद होईल, पण एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली: वर्षानुवर्षांचा चालता धंदा कागदाविना काही दिवसांत जमीनदोस्त होतो. कारागिरीचंही असंच आहे. हिंजवडीतल्या आणि चाकणमधल्या कंपन्यांच्या ऑफिसांची कामं व्हेंडर नोंदणीवर मिळतात. तिथे जीएसटी क्रमांक, जुन्या कामाची बिलं, ड्रॉइंग बघतात. तिथे निदान कागद तरी बोलतो. घरगुती कामात फक्त ओळख बोलते, आणि ओळखीच्या बाजारात आपण नेहमीच मागच्या रांगेत असतो.

आता मागणी

पुण्यातल्या आझम कॅम्पसमध्ये आर्किटेक्चर कॉलेज आहे. 1874 पासून चालत आलेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या पनवेलच्या संकुलातही आहे. या संस्था समाजाच्या पैशातून आणि दुआतून उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या विश्वस्तांना माझी जाहीर मागणी आहे: कारागिरांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवा. आठवड्यातून तीन दिवस, हिंदी-मराठी-उर्दूतून, दहावीची अट न लावता. विषय तीनच: ड्रॉइंग, अंदाजपत्रक, करार. आणि सुतारकी शिकवायला त्यांच्यातलाच एक उस्ताद मानधनावर नेमा, म्हणजे तुमचे आर्किटेक्चरचे विद्यार्थीही त्याच्याकडून चार गोष्टी शिकतील. राज्याने 2024 मध्ये अल्पसंख्याकांसाठी मार्टी ही संशोधन-प्रशिक्षण संस्था मंजूर केली. तिच्या कामाच्या यादीत स्पर्धा परीक्षेच्या वर्गाबरोबर हेही आलं पाहिजे. सगळी मुलं एमपीएससी देणार नाहीत.

पिंपरी-चिंचवड परिसरातल्या मशीद कमिट्यांनी एक काम करावं. जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटं घेऊन 17 नंबरचा फॉर्म समजावून सांगा. शाळा सुटलेल्या माणसाला तो भरून बाहेरून दहावी देता येते. त्यासाठी वर्गणी लागत नाही, पाहुणा वक्ता लागत नाही.

आणि साइटवरच्या माझ्या भावांनो, कोर्स मिळेपर्यंत थांबू नका. पुढच्या कामापासून एक वही ठेवा. प्रत्येक भिंतीचं माप, प्रत्येक बदल, तारीख, आणि खाली फ्लॅटवाल्याची किंवा डिझायनरची सही. सही द्यायला कुरकुर करेल तो पैसे द्यायलाही करणार, हे काम सुरू होण्याआधीच कळेल. मावसभावाने रमजाननंतर अशी वही सुरू केली आहे. गेल्या दोन फ्लॅटची बिलं त्याला पूर्ण मिळाली. कपाटं तो आधीइतकीच चांगली करतो.